घरातला पहिला कॉलेजविद्यार्थी

दर वर्षी जून-जुलै महिन्यांत पालमच्या बसस्थानकावर एक देखावा आमच्या दृष्टीस पडतो. मृगाच्या एकदोन सरी पडून गेलेल्या असतात, काळ्या रानात कपाशी व सोयाबीन पेरण्याची लगबग चालू असते, आणि अशा ऐन घाईत एखादा बाप अर्धा दिवस मोडून मुलास नांदेडच्या अथवा परभणीच्या गाडीत बसवून देण्यास आलेला असतो. मुलाजवळ एक पाठपिशवी, एक वळकटी, भाकरी व शेंगदाण्याची चटणी बांधलेले फडके आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेविलेली कागदपत्रे एवढे सामान असते. गाडी हलली म्हणजे बाप म्हणतो, "नीट ऱ्हाय बाबा, अभ्यास कर." ह्याहून अधिक काय सांगावे हे त्यास ठाऊक नसते. मुलगा जेथे चालला आहे ते ठिकाण त्याने जन्मात पाहिलेले नाही. शेत कसे नांगरावे, बैल कसा पारखावा, बाजारात माल कोणाला घालावा, ह्या सर्व गोष्टी तो मुलास शिकवू शकतो; परंतु कॉलेजात कसे राहावे हे शिकविण्याजोगे त्याच्यापाशी काही नाही.

अशा विद्यार्थ्यांविषयी चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात पुष्कळ दिवसांपासून होते. त्यास निमित्त झाले ते दोन वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगाचे. आमच्या शाळेचा एक हुशार विद्यार्थी बारावीनंतर एका मोठ्या शहरातील कॉलेजात गेला. गुण उत्तम, स्वभाव कष्टाळू, वर्तन निर्मळ. त्याच्याविषयी आम्हांस यत्किंचितही काळजी वाटत नव्हती. परंतु तीन आठवड्यांत तो वळकटीसह परत आला, आणि सोयाबीनच्या रानात वडिलांबरोबर कोळपे धरून उभा असलेला आम्हांस दिसला. आम्ही प्रथम रागावलो. अभ्यास जड गेला काय, कोणी छळ केला काय, पैसे संपले काय, असे नाना प्रश्न विचारिले. तो खाली मान घालून म्हणाला, "तसं काही नाही सर. तिथं समदे एकमेकांच्या वळखीचे हायेत. मला कोण काय बोलायलंय तेच कळंना." हे त्याचे उत्तर आमच्या मनास फार लागले. आम्ही त्यास परीक्षेसाठी सात वर्षे तयार केले होते, परंतु परीक्षेच्या पलीकडे जे असते त्यासाठी एक तासही तयार केले नव्हते. त्याचे ते वर्ष वाया गेले. ह्यात त्याच्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, दोष आमचा होता, हे आम्ही येथे कबूल करितो.

ज्याच्या आईबापांपैकी कोणीही पदवीपर्यंत शिकलेले नाही, अशा विद्यार्थ्यास आजकाल 'पहिल्या पिढीचा विद्यार्थी' असे म्हणतात. अमेरिकेत उच्च शिक्षणाच्या कायद्यात १९८० साली ह्या शब्दाची व्याख्याच घालण्यात आली, आणि अशा विद्यार्थ्यांना साहाय्य करण्यासाठी तेथील सरकार त्याआधीपासून पैसा खर्च करीत होते. आमच्याकडे ही स्थिती इतकी सर्वसाधारण आहे की तिला निराळे नाव द्यावे असे कोणास सुचले नाही. आईबापच काय, सबंध भावकीत कोणी कॉलेजचे दार पाहिलेले नाही, अशी घरे गंगथडीच्या आमच्या ह्या तालुक्यात गावोगाव आहेत.

अशा मुलाचे नेमके उणे कोठे असते? बुद्धीत नव्हे, कष्टांत तर नव्हेच. उणे असते ते केवळ ऐकीव माहितीचे. शिकलेल्या घरात ही माहिती मुलास कोणी मुद्दाम सांगत नाही. ती चहा पिता पिता, पाहुण्यांच्या गप्पांतून, थोरल्या भावाच्या तक्रारींतून आपोआप कानांवर पडते. 'इंटर्नल' म्हणजे काय, तिचे गुण कोण देतो, एक विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसता येते, उत्तरपत्रिका पुन्हा तपासून मागता येते, प्राध्यापकांना त्यांच्या खोलीत जाऊन शंका विचारणे हा उद्धटपणा नसून ती चांगल्या विद्यार्थ्याची खूण समजली जाते. ह्या गोष्टी प्राध्यापकाच्या मुलास दहाव्या वर्षीच कळलेल्या असतात. आमच्या मुलास त्या एकविसाव्या वर्षी, ठेच लागल्यावर कळतात.

आम्ही स्वतः ह्याच वाटेने गेलो आहोत. मिशनच्या बोर्डिंगात वाढलेले आम्ही, आमच्या घरातले पहिले पदवीधर. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात फलकावर 'ट्युटोरियल' असा शब्द लिहिलेला पाहिला. तो काय प्रकार आहे हे विचारण्याची लाज वाटली म्हणून तीन दिवस आम्ही एका रिकाम्या वर्गात जाऊन बसत होतो, आणि कोणी येत नाही हे पाहून वर्ग रद्द झाला असावा अशी स्वतःची समजूत घालीत होतो. चौथ्या दिवशी गंगाखेडकडचा एक वरच्या वर्गातला विद्यार्थी तेथे डोकावला. "इथं काय करायलास रे?" एवढेच तो म्हणाला. पण 'करायलास' हा शब्द कानी पडताच आमच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. त्याने आमचा हात धरून योग्य खोलीत नेले, संध्याकाळी ग्रंथालयाचे कार्ड काढून दिले, आणि खानावळीत कोणत्या टेबलावर बसावे म्हणजे दुसऱ्यांदा वरण मिळते हेही सांगितले. आज त्या गृहस्थांचा आमच्याशी फारसा संबंध उरलेला नाही. पण तो त्या दिवशी तेथे डोकावला नसता तर आम्ही आज शिक्षक झालो असतो की नाही ह्याची शंका वाटते.

भाषेची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आमच्याकडचा मुलगा पुण्यास जाऊन "मी जायलो", "लई झालं" असे बोलला की वर्गात हशा पिकतो. हसणाऱ्यांच्या मनात बहुधा दुष्टावा नसतो, परंतु ज्याच्यावर हसले जाते त्याचे तोंड मात्र महिनोन्महिने बंद होते. वर्गात प्रश्न विचारणे तो सोडून देतो, आणि प्रश्न न विचारणारा मुलगा मठ्ठ आहे असा शिक्षकांचा ग्रह होतो. खरे पाहता ज्या गंगाखेडचे नाव संत जनाबाईमुळे साऱ्या महाराष्ट्राच्या ओठी आहे, तेथून हाकेच्या अंतरावरची ही बोली. तिच्याबद्दल लाज का वाटावी? तथापि मुलास असे नुसते सांगून लाज जात नाही. आपल्यासारखा बोलणारा दुसरा कोणी भेटला म्हणजेच ती जाते. मराठीची ही कथा, मग विज्ञानाच्या वर्गात पहिल्या तासापासून चालणाऱ्या इंग्रजीची काय सांगावी!

आता इतिहासाकडे वळू. घरातल्या पहिल्या विद्यार्थ्याला आधार कसा मिळतो ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण आमच्या मते डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे आहे. त्यांची विद्वत्ता सर्वांस ठाऊक आहे. ती फुलण्यास वेळोवेळी कोणाचा हात लागला हे मात्र थोड्यांच्या ध्यानी असते. वडील सुभेदार रामजी हे सैन्यातील शाळेत शिक्षक होते व मुलाच्या अभ्यासासाठी त्यांनी जिवापाड कष्ट घेतले. परंतु कॉलेजचा मार्ग त्यांच्याही ओळखीचा नव्हता. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. गुण साडेसातशेंपैकी दोनशे ब्याऐंशी. आजचा एखादा पालक ह्या आकड्याकडे पाहून नाक मुरडील. परंतु त्यांच्या समाजाने ह्या यशाप्रीत्यर्थ सभा भरविली, सी. के. बोले अध्यक्ष झाले, आणि त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले.

हे केळुसकर गुरुजी विल्सन हायस्कूलचे शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा संध्याकाळी पुस्तक घेऊन बसतो हे त्यांनी पाहिले, त्याची विचारपूस केली, आणि तेव्हापासून त्यास पुस्तके पुरविली. तो मुलगा त्यांच्या शाळेचा नव्हता, जातीचा नव्हता, नात्याचा तर नव्हताच. पुढे इंटर झाल्यावर पैशावाचून शिक्षण खुंटण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक म्युलर त्यांस पुस्तके देत, कपडेही देत. त्याच कॉलेजातील उपाहारगृहाचा चालक मात्र त्यांस चहा किंवा पाणी देत नसे. एकाच आवारात दोन्ही प्रकारची माणसे होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९१२ साली ते बी. ए. झाले. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथे नवल भथेना ह्या पारशी विद्यार्थ्याशी जडलेला स्नेह जन्मभर टिकला, आणि पुढे १९२० साली लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यास निघाले तेव्हा ह्याच मित्राने त्यांस कर्जाऊ रक्कम दिली.

ह्या हकिकतीत एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी पाहावी असे वाटते. कोणा एका दात्याने सर्व काही दिले असे येथे घडलेले नाही. एकाने पुस्तक व ओळख दिली, एकाने पैसा दिला, एकाने कपडे दिले, एकाने मैत्री दिली. ह्यांपैकी कोणतीही एक गोष्ट एकटी पुरली नसती. आम्ही शिक्षक लोक 'शिष्यवृत्ती मिळाली, आता काळजी मिटली' असे चटकन म्हणतो, तेव्हा बाकीच्या तीन गोष्टी कोण देणार हे विसरतो. आमचाच तो विद्यार्थी पाहा. त्याची फी माफ झालेली होती.

वसतिगृहाचे महत्त्व ज्यांनी सर्वांआधी ओळखले त्यांत कोल्हापूरचे शाहू महाराज अग्रणी होत. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि त्यानंतर एकेका समाजासाठी एकेक वसतिगृह उभे राहत गेले. १९०८ सालचे मिस क्लार्क वसतिगृह अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी होते. खेड्यातला मुलगा शहरात आला की प्रथम त्यास पाठ टेकण्यास जागा हवी, शाळेचा विचार मागाहून, हे महाराजांनी जाणले होते. कर्मवीर भाऊराव पाटील हे त्याच कोल्हापुरात शिकलेले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, आळीपाळीने स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रदेखील, विकले. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेथे 'कमवा आणि शिका' हा क्रम होता. त्या वसतिगृहातील मुलगा सकाळी खोरे चालवून दुपारी वर्गात बसे, आणि त्यात त्यास कमीपणा वाटत नसे, कारण शेजारच्या बाकावरचाही सकाळी खोरेच चालवीत होता. त्याच वर्षी अहमदनगरला डॉ. भास्करराव हिवाळे ह्यांनी कॉलेज काढले. आमच्या मिशनच्या शाळांतून बाहेर पडणाऱ्या कित्येक गरीब मुलांस त्यामुळे पुण्या-मुंबईचे तोंड पाहावे लागले नाही.

परंतु मराठवाड्याची स्थिती निराळीच होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेस १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, त्याची भाषा उर्दू. परभणी जिल्ह्यातील एखाद्या मराठी शेतकऱ्याच्या मुलास कॉलेजात जावयाचे तर मुलूखही परका आणि भाषाही परकी. सधन घरची थोडी मुले जात. बाकीच्यांना त्याचे स्वप्नही पडत नसे. ह्या प्रांतात डॉ. आंबेडकरांनी आपल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, कॉलेज सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले, आणि त्याच्या परिसरास नागसेनवन असे नाव मिळाले. नागसेन हा भिक्षू व मिलिंद हा ग्रीक राजा. राजा प्रश्नामागून प्रश्न विचारतो आणि भिक्षू न कंटाळता उत्तरे देतो, असा त्यांचा संवाद पाली ग्रंथात आहे. प्रश्न विचारण्यास भिणाऱ्या मुलांच्या कॉलेजास प्रश्न विचारणाऱ्याचे नाव देणे ह्यापरते समर्पक काय असू शकेल!

मिलिंदचे पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. त्यांच्या काळात मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून जी मुले आली, त्यांतील बहुतेकांच्या घरी अक्षरओळखही नव्हती. उदगीरकडून आलेले प्र. ई. सोनकांबळे तेथे शिकले, इंग्रजीचे प्राध्यापक झाले, आणि त्यांनी आपल्या शिक्षणाची कहाणी 'आठवणींचे पक्षी' ह्या १९७९ सालच्या पुस्तकात लिहून ठेविली. बहिणीच्या दारी वाढलेल्या, अर्धपोटी राहून वर्ग गाठणाऱ्या मुलाची ती हकिकत आहे. प्रत्येक शिक्षकाने ती वाचावी अशी आमची आग्रहाची सूचना आहे. गंगाधर पानतावणे हेही मिलिंदमध्ये शिकविणारे. तेथे सुरू झालेल्या 'अस्मिता' ह्या नियतकालिकातून पुढे त्यांचे 'अस्मितादर्श' निघाले, आणि ज्यांच्या घरात कधी कोणी लिहिले नव्हते अशांनी त्यात लिहिले.

मिलिंदचे रहस्य कशात होते? इमारती, पैसा, ग्रंथालय ह्यांचा वाटा होताच. तथापि आमच्या समजुतीने मुख्य गोष्ट ही की तेथे घरातला पहिला असणे ही विशेष बाब नव्हती. इतर कॉलेजांत असा मुलगा शंभरांत दोन असे; येथे तो शंभरांत बहुसंख्य होता. एकटा असला म्हणजे मनुष्यास आपले न समजणे हा आपला दोष वाटतो. वीस जणांना तेच समजत नाही असे दिसले म्हणजे तो शिकण्याचा एक धडा वाटतो, इतकेच.

हीच गोष्ट अलीकडे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने पाहिली आहे. निकोल स्टीफन्स व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१४ साली तो प्रसिद्ध केला. एका विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांपुढे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना सुमारे एक तास बोलावयास लाविले. एका तुकडीपुढे त्यांनी कॉलेजात कसे वागावे ह्याच्या सर्वसाधारण सूचना दिल्या. दुसऱ्या तुकडीपुढे त्याच सूचना दिल्या, पण आपण कोणत्या घरातून आलो, आईबाप शिकलेले होते की नव्हते, त्यामुळे आपणांस काय अडले व ते कसे सुटले, हेही सांगितले. वर्षअखेर पाहता, शिकलेल्या घरची मुले व पहिल्या पिढीची मुले ह्यांच्या गुणांत जे अंतर असे ते दुसऱ्या तुकडीत शेकडा त्रेसष्टांनी कमी झाले. त्या मुलांनी प्राध्यापकांकडे जाणे व मदत मागणे अधिक केले, हे त्याचे कारण आढळले. एका प्रयोगावर सर्व भार टाकू नये हे आम्ही जाणतो. अमेरिकेची कॉलेजे निराळी, आपली निराळी. परंतु एक तास व चार विद्यार्थी एवढ्या भांडवलावर जे होण्याजोगे आहे ते करून पाहण्यास कोणत्या शाळेची हरकत असावी?

आता आजच्या व्यवहाराकडे येऊ. पूर्वीच्या मानाने साधने पुष्कळ वाढली आहेत. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाल्यापासून परभणी जिल्ह्याचे विद्यापीठ जवळ आले. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. आणि तेथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना खोली व खानावळ ह्यांसाठी रोख साहाय्य देणारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ मध्ये सुरू झाली. तिच्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षास ६०,००० रुपये, त्याहून लहान महानगरांसाठी ५१,००० व इतर जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी ४३,००० असे प्रमाण ठरविण्यात आले. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 'स्वयम्' आणि इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले ह्यांच्या नावाची आधार योजना अशाच धर्तीवर आहे. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. स्वतः घरातील पहिले पदवीधर असलेले बुलढाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे ह्यांनी २०१७ साली 'एकलव्य' ही संस्था काढून खेड्यांतील अशाच मुलांना मोठ्या विद्यापीठांची वाट दाखविण्याचे काम चालविले आहे.

परंतु ह्या सर्वांची किल्ली कागदांत आहे. उत्पन्नाचा दाखला तहसिलीतून, जातीचे प्रमाणपत्र उपविभागीय अधिकाऱ्यांकडून, पडताळणी जिल्ह्याच्या समितीकडून, बँकेचे खाते आधारास जोडलेले, आणि मग अर्ज महाडीबीटीवर. ह्यांतील एक कागद राहिला तर सारे अडते, आणि पडताळणीस तर कधी महिने लागतात. ते काम अकरावीतच सुरू करावे, निकालाची वाट पाहू नये. दुसरे असे की शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा मागाहून येते, आणि खोलीचे भाडे व खानावळीचे पैसे मात्र आधी द्यावे लागतात. पहिल्या चार महिन्यांची बेगमी कोठून करावयाची हे घर सोडण्यापूर्वी बापलेकांनी बसून ठरविले पाहिजे. पुष्कळ मुले ह्या काळात एक वेळचे जेवण तोडतात आणि घरी सांगत नाहीत. आमच्या मते हे लपविणे उपाशी राहण्याहून वाईट.

घरची बाजूही समजून घेतली पाहिजे. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलगा वसतिगृहात पंख्याखाली बसला आहे, आणि आई उन्हात वाकून कापूस वेचीत आहे, हा विचार त्यास पुस्तकाच्या पानापानावर आडवा येतो. सुटीत घरी आला तर गावातले सोबती "आला सायेब" म्हणून थट्टा करितात. कॉलेजात तो गावंढळ, गावात तो साहेब, दोन्हीकडे पाहुणा. बापाने फोनवर "अजून किती वर्षं?" असे साधेपणाने विचारले तरी त्यास तो तगादा वाटतो. अशा वेळी घरच्यांना काही न सांगणे त्यास सोपे वाटते, आणि तेथूनच दुरावा वाढत जातो. आमचे सांगणे असे की आईबापांनी एकदा तरी, शक्य तर पहिल्या दोन महिन्यांत, कॉलेज पाहून यावे. खोली पाहावी, वर्ग पाहावा, खानावळीत एक वेळ जेवावे. मग "अभ्यास कसा चाललाय?" ह्या एका प्रश्नाऐवजी त्यांना विचारण्यास दहा गोष्टी सापडतात. भाड्याचे पैसे जातात खरे, पण बी-बियाण्यावर खर्च करणाऱ्याला हा हिशेब समजण्यासारखा आहे.

मुलींचे तर दुप्पट अवघड. बारावीपर्यंत एस. टी. चा पास फुकट असल्याने ती रोज येऊन-जाऊन शिकते. त्यानंतर परगावी राहण्याचा प्रश्न आला की भावकीतला कोणीतरी पहिली शंका काढतो. ती केवळ घरातली पहिली नसते. पुष्कळदा गावाबाहेर राहणारी गावातली पहिली मुलगी असते. तिच्या एकटीच्या वागण्यावर मागच्या सर्व मुलींचे शिक्षण टांगलेले आहे असे तिला प्रत्येकजण ऐकवितो. अठरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर एवढे ओझे ठेवणे अन्यायाचे आहे, असे आम्हांस स्पष्ट वाटते. दोन मुली एकत्र पाठवाव्यात, एका खोलीत ठेवाव्यात, ह्याने हे ओझे निम्मे होते. शेजारच्या गावची मुलगी त्याच शहरी जात आहे काय, ही चौकशी आईने नव्हे, शाळेने केली पाहिजे.

तो परत आलेला मुलगा पुढच्या वर्षी नांदेडला गेला. ह्या खेपेस आम्ही त्याच्याबरोबर गेलो, आणि आमचेच दोन जुने विद्यार्थी त्यास भेटविले. एकाने आपल्या खोलीत त्यास जागा दिली. आता तो दुसऱ्या वर्षात आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही त्यास बारावीच्या वर्गापुढे उभे केले. तो घामाघूम झाला होता. पहिल्या कॉलेजात आपण तीन आठवडे कोणाशीही बोललो नाही, हे त्याने सांगितले तेव्हा वर्ग अगदी शांत होता. नंतर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "दादा, तिथं आपल्याकडचे किती जण हायेत?" तो म्हणाला, "मोजले नाहीत. पण तू ये, मी स्टँडवर येतो."

ह्या प्रश्नामुळेच आम्ही ह्या वर्षापासून शाळेत एक वही ठेविली आहे. तीत शाळेतून गेलेल्या विद्यार्थ्यांची नावे, कोणत्या शहरी कोणता अभ्यासक्रम शिकतात, आणि नव्या मुलास घेण्यास बसस्थानकावर येतील की नाही, इतके लिहिण्याची सोय आहे. आतापर्यंत सव्वीस नावे झाली आहेत. परभणीची अकरा, नांदेडची नऊ, बाकी लातूर, छत्रपती संभाजीनगर व पुणे. मुंबईचे पान कोरे आहे. हा अंक ज्या जुन्या विद्यार्थ्यांच्या हाती पडेल त्यांनी गावी आल्यावर शाळेत यावे. वही कार्यालयात, घंटेजवळच्या कपाटात वरच्या खणात असते. किल्ली शिपाईमामांकडे मागावी.